धुक्यातल्या हाकेला ओ दिली न्हाई

मंडळी, आज लई चुकलं माझं.

मी आहुप्याच्या डोंगरावर रोज एकटीच पळायला जाते. बाया हसतात, हसू द्या. सकाळी धाकटी जाऊ म्हणाली, "अवो आक्का, आभाळ बघा. थांबा, मी इरलं घेऊन येते."

"तू येईस्तोवर दुपार व्हईल," म्हणलं आन् सुटले.

माथ्यावर लख्ख ऊन व्हतं. उतरायला लागले तर पाऊस, मागनं धुकं. पुढची वाट दिसंना. तेवढ्यात लांबनं कुणाची तरी हाक आली. आमच्याकडं धुक्यात हाक ऐकली की ओ द्यायची, कुणाचीबी असो. असंल कुणी गुराखी म्हणून मी थांबलेच न्हाई.

घरी आले तर जाऊ गायब. माझ्यामागं इरलं घेऊन निघाली व्हती. लई वेळानं आली. गुडघे फुटलेले, घसा पार बसलेला.

"मला वाटलं तुमी दरीत गेल्या. एवढ्या हाका मारल्या, ऐकू न्हाई आल्या?"

"न्हाई," मी म्हणलं.

"वाऱ्यानं नेल्या असतील," म्हणाली आन् माझ्यासाठी च्या टाकायला उठली.

आता तिला खरं सांगू का गप बसू? तुमी काय केलं असतं?