नराच्या पोटातली अंडी

कॉलेजच्या प्रयोगशाळेतले मामा सव्वीस वर्षं माशांचे अवयव मेणात बसवून कांद्याच्या सालीहून पातळ काप काढून काचपट्ट्यांवर चिकटवतायत, आणि आजवर त्यांच्या हातून एकाही काचेची चिठ्ठी चुकलेली नाही. म्हणून त्या दिवशी प्राणिशास्त्राच्या मॅडमचं बोलणं त्यांना फार लागलं.

"मामा, काय हा घोळ! नराच्या काचेवर अंडी? मादीचा काप चिकटवलात ना? वय झालं आता तुमचं."

"वय झालंय, डोळे नाही गेले. बरणीतला कुठलाही नर तुम्हीच उचला, तुमच्यासमोर कापतो."

मॅडमनी उचलला. हे मासे पहिल्यांदाच नदीच्या त्या टोकाहून आणले होते, जिथे शहराचं सांडपाणी येऊन मिळतं. मामांनी पोट उघडून नर असल्याचं दाखवलं, वृषण मेणात बसवलं, दुसऱ्या दिवशी काप रंगवला. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मग बाजूला सरकल्या.

"तुम्हीच बघा," त्या म्हणाल्या.

नराच्या वृषणात, शुक्राणूंच्या बारीक ठिपक्यांच्या गर्दीत, मोठमोठी गोल अंडी बसली होती!

"आई शप्पथ!" मामा पुटपुटले.

"मूल नको म्हणून बायका घेतात त्या गोळ्यांमधली हार्मोन्स," मॅडम हळूच म्हणाल्या, "लघवीतून गटारात, गटारातून नदीत. इतकी कमी की मोजतानासुद्धा नाकी नऊ येतात, आणि तेवढ्यानं नरात अंडी धरतात! मामा, चूक माझी होती."

मामांना ते ऐकूच गेलं नाही. मान वर न करता म्हणाले, "थांबा हो मॅडम, इथे अजून एक अंडं आहे."