अप्पांचा शार्क

परवा टीव्हीवर बुल शार्क दिसला आणि माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं होऊन गेली, पण या प्राण्यावरचा माझा राग काही जात नाही...

मी तेव्हा एस.वाय.ला, झूलॉजी घेतलेलं. मेच्या सुट्टीत वारूळवाडीला घरी आले ती आमच्या विहिरीत पोहायला शिकायचंच असं ठरवून. कॉलेजची कोकणात टूर जाणार होती आणि पोहता येणाऱ्यांनाच बोटीत घेणार होते.

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात, पाटाचं पाणी सोडायच्या कामावर. नेमका त्याच आठवड्यात त्यांनी केबलवर हिंदीतून शार्कचा कार्यक्रम पाहिला. समुद्रातून नदीत शिरणारा शार्क... झालं! "विहिरीत उतरायचं नाय."

मी हसले. तर म्हणाले, "विहिरीला पाणी पाटाचं, पाटाला नदीचं. मीना नदी घोडला मिळती, घोड भीमेला, भीमा कृष्णेला अन् कृष्णा समुद्राला. आता बोल."

"अप्पा, मधे धरणं किती आहेत!"

"धरणांना दरवाजं असत्यात. मी काय भिंती उघडतो का?"

पाटाचं पाणी विहिरीत झिरपून येतं, त्यातून मुंगी आली नसती. पण मी आपलं झूलॉजी बाहेर काढलं. तीच चूक झाली.

समुद्रातले मासे गोड्या पाण्यात मरतात ना, असं त्यांनी विचारलं. खोटं कसं बोलू? सांगितलं, बाकीचे मरतात, पण याची किडनी जादाचं पाणी भराभर बाहेर टाकते, म्हणून हा जगतो. मादी नदीच्या मुखाशी येऊन पिल्लं देते, हेही उत्साहाने सांगितलं. "म्हंजे पिल्लंबी नदीतच?" अप्पांचा चेहरा उतरला.

"गढूळ पाण्यात त्याला दिसत नसंल," असं म्हणून त्यांनीच मला एक संधी दिली होती. आणि मी काय बोलले? दिसायची गरजच नाही अप्पा, नाकावरच्या बारीक छिद्रांनी त्याला शिकारीची हालचाल कळते... आमची विहीर मे महिन्यात चहासारखी गढूळ!

आठ दिवस गेले. मी आईसमोर आदळआपट केली. भाकरी थापता थापता ती हळूच म्हणाली, "मागल्या साली पाटात बुडालेली पोरगी त्यांनीच बाहेर काढली. तुझ्याच वयाची व्हती. गेली बिचारी. तवापासून पाण्याचा विषय काढला की असंच कायबाय बोलत्यात."

मला आधी रागच आला. एवढं सरळ सांगता येत नव्हतं? मग खूप रडू आलं.

दुसऱ्या दिवशी झूलॉजीचं पुस्तक घरी ठेवलं आणि बैलाचा कासरा घेऊन अप्पांना विहिरीवर नेलं. एक टोक माझ्या कमरेला, दुसरं त्यांच्या हातात दिलं. चुलतभाऊ पाण्यात उतरून शिकवत होता, पण अप्पांनी दोर इतका आवळून धरलेला की मला हात मारता येईना. मी ओरडत होते, "ढील द्या!" आणि ते वरून, "लांब जाऊ नगंस!"

विहिरीत लांब कुठे जाणार, अप्पा?

पंधरा दिवसांत पोहायला लागले. बोटीतही बसले. दोर मात्र त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत सोडला नाही... आणि शार्कचं नाव पुन्हा काढलं नाही.