पॅडच्या खोक्यातला कागद

हे माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. बाबांसमोर नाही, देवासमोर नाही — देवासमोर तर मी नुसती उदबत्ती लावते आणि काउंटरवर येऊन बसते. तुला सांगतेय म्हणून लगेच हळहळायला लागू नकोस. मला तसली माणसं आवडत नाहीत. गप बस आणि ऐक. मध्येच "होतं गं असं" म्हणायचं नाही. होत नाही असं. मी केलं.

घाटकोपरला एलबीएस रोडवर आमचं गाडीच्या स्पेअर पार्टचं दुकान. बाबांनी काढलेलं. बोर्डावर बाबांचं नाव आणि पुढे "अँड सन". तो सन म्हणजे अमोल, माझा धाकटा भाऊ. त्याने दुकानात सलग एक महिना कधी काढला नाही. अंधेरीला एसीत कॉम्प्युटरसमोर बसतो. काउंटरवर मी बसते, एकोणीस वर्षं. कुठल्या गाडीला कुठलं ब्रेक पॅड लागतं ते मी झोपेतसुद्धा सांगेन. तरी नवीन गिऱ्हाईक आलं की माझ्या डोक्यावरून आत बघतं आणि विचारतं, शेठ नाहीत का? मग राग येणार नाही? — हे बघ, लागले मी कारणं सांगायला. नको. बोर्ड, शेठ, सगळं खरं आहे, पण त्याने काही सुटत नाही. पुढे ऐक.

अमोलने लाल गाडी घेतली होती. रविवारी पहाटे मित्रांबरोबर माळशेज, नाहीतर खंडाळा. वळणं मारायची, व्हिडिओ काढायचे, घरी येऊन सगळ्यांना दाखवायचे. त्याची तक्रार एकच, घाट उतरताना ब्रेक तापतो आणि पेडल मऊ पडतं. तक्रार खोटी नव्हती. गाडीबरोबर आलेली पॅड असल्या मस्तीसाठी नसतात. आणि त्यावर उपायही साधा होता — चांगल्या प्रतीची, बिनभोकांची साधी डिस्क, रस्त्यासाठीच बनवलेलं पण एक पायरी वरचं पॅड, आणि ब्रेक ऑइल नवीन. पहिल्या ब्रेकलाही धरतं, विसाव्यालाही धरतं. हे मी त्याला सांगितलं. खरंच सांगितलं, एकदा.

तो हसला. तो रोटर म्हणायचा, आम्ही काउंटरवर डिस्क म्हणतो. त्याने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. भोकं पाडलेले, चरे मारलेले रोटर, आणि रेसच्या गाड्यांना लावतात ती पॅड. हेच पाहिजे म्हणाला. बाजूच्या गॅरेजवाले रफिकभाई उभे होते, दोन गिऱ्हाइकं होती. सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, तू खोकी काढून द्यायचं काम कर ना. ड्रायव्हिंगमधलं तुला काय कळतं?"

हसले सगळे. मागे खुर्चीत बसलेले बाबाही हसले. अमोलचं मला काही वाटलं नाही, तो आगाऊच आहे लहानपणापासून. बाबांचं हसणं लागलं.

मी म्हटलं, बरं. मागवते.

आता एक गोष्ट समजून घे, नाहीतर पुढचं कळणार नाही. रेसचं पॅड तापल्यावर धरतं. दहा-बारा वेळा जोरात दाबून तापवलंस की असं धरतं की सीटबेल्ट छातीत रुततो. पण थंड असताना ते डिस्कवर नुसतं घासत जातं. सकाळी, पहिल्या ब्रेकला — त्यातून डिस्क ओली असेल तर — पाय पूर्ण दाबलास तरी गाडी चार हात पुढे सरकतेच. म्हणून त्या खोक्यात एक कागद घडी घालून ठेवलेला असतो. लाल अक्षरात लिहिलेलं असतं, आधी तापवा, रोजच्या रस्त्यावर वापरू नका.

तो कागद मी काढून घेतला.

माल आला तेव्हा दुकानात कोणी नव्हतं. खोकं उघडलं, कागद काढला, चिकटपट्टी परत लावली. दोन मिनिटांचं काम. मनात काय होतं? सांगते, त्यात लपवण्यासारखं काय राहिलंय आता. वाटलं, ठोकू दे एकदा कोणाच्या तरी बंपरला. फुटू दे दिवा. येऊ दे तोंड पाडून — ताई, काय झालंय बघ ना. मग मी कागद काढेन आणि चारचौघांत वाचून दाखवेन. वाट लागू दे त्याच्या शहाणपणाची. बस, एवढंच हवं होतं मला. एवढ्याशा गोष्टीसाठी!

शनिवारी संध्याकाळी रफिकभाईंनी डिस्क आणि पॅड बसवली. त्यांना पॅड बघूनच कळलं. मला बाजूला घेऊन विचारलं, हे थंड असताना पकडणार नाही, सांगितलंय ना त्याला? मी म्हटलं, सांगितलंय. तोंडातून इतकं सरळ निघालं की मलाच खरं वाटलं. मग अमोल हायवेवर लांब फेरी मारून आला. पॅड तापलेली होती, झक्कास धरत होती. काउंटरवर थाप मारून म्हणाला, याला म्हणतात ब्रेक. आणि मुलुंडला घरी गेला.

त्याच्या टॉवरमध्ये गाड्या दुसऱ्या मजल्यावर लावतात. तिथून खाली यायला उतार, आणि उताराच्या तोंडाशी गेट. रोज सकाळी सहाला गाड्या धुणारे येतात आणि बादलीने चाकांवर पाणी मारतात. मला हे माहीत नव्हतं असं म्हणू? माहीत होतं. मी कितीदा राहिलेय तिथे. प्राची बोलवायची.

प्राची, माझी वहिनी. म्युनिसिपालिटीच्या शाळेत पीटीची बाई. मुलींना खो-खो शिकवायची. शिकवायची म्हणजे शिट्टी फुंकत लांब उभी राहायची नाही, स्वतः त्यांच्या रांगेत उकिडवी बसायची आणि खो मिळाला की सुटायची. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आमच्या घरात मला दुकानातलं काही विचारणारी ती एकटी. हे खरंच कसं चालतं, ते कशाला असतं. तिच्याशी माझं वाकडं नव्हतं. कधीच नव्हतं.

त्या रविवारी तिच्या मुलींची मॅच होती. घाटात नको, मला मैदानावर सोड, असं तिने अमोलला सांगितलं होतं. गेटपाशी कोणीतरी स्कूटर आडवी लावून गेलं होतं, म्हणून ती ढकलायला प्राची आधीच खाली उतरली. अमोल उतारावरून हळू आला. हळूच, चालत्या माणसाच्या वेगाने, वॉचमनही तेच म्हणाला. आला आणि थांबला नाही. बंपर आणि गेटचा खांब, मध्ये प्राचीचा डावा गुडघा.

हॉस्पिटलात अमोल एकच वाक्य बोलत होता. मी ब्रेक दाबला होता. डॉक्टरांना तेच, बाबांना तेच, स्ट्रेचरवरच्या प्राचीलाही तेच. चेंबूरहून प्राचीचा भाऊ आला, तो अंगावरच धावला. म्हणाला, मोबाईलमध्ये बघत असशील, व्हिडिओ काढत असशील, वर तोंड करून खोटं बोलतोस? दोघांना आवरता आवरेना. तेव्हा बाबा म्हणाले, गाडी ताईला बघू दे. तिला त्यातलं कळतं.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. लोकांसमोर म्हणाले.

मी किल्ली घेतली. गाडी एकटीने बाहेर काढली. जागेवरून निघताना पहिला ब्रेक दाबला — सरकली. पायाखाली स्पष्ट कळलं मला. तिथेच उतरून सांगता आलं असतं ना? मी लिंक रोडला गेले. मोकळा पट्टा बघून ब्रेक मारले, एकामागून एक, पंधरा-वीस, चाकांतून जळका वास यायला लागेपर्यंत. मग परत आले, गाडी वर नेली आणि त्याच उतारावरून खाली आणली. बाबा उभे होते, प्राचीचा भाऊ होता, सोसायटीतले पाच-सहा जण होते. खांबाच्या वीतभर अलीकडे ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

उतरून मी म्हटलं, "ब्रेक चांगले आहेत. पाय चुकला असेल त्याचा."

घाबरून बोलले? घाबरले होतेच. पण सगळं भीतीवर ढकललं तर ते दुसरं खोटं होईल. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कोणी विचारत नव्हतं, शेठ कुठे आहेत. मला बरं वाटलं. प्राची तिकडे हॉस्पिटलात ऑपरेशनच्या टेबलावर होती आणि मला बरं वाटलं. हे असलं माणूस तुझ्यासमोर बसलंय.

दुसऱ्याच दिवशी मी गाडी आणून जुनी पॅड परत चढवायला लावली. रफिकभाई हळहळले. म्हणाले, सांगूनही ऐकलं नाही ना त्याने? मी म्हटलं, तो ऐकतो का कोणाचं.

अमोलने त्यानंतर गाडीला हात लावला नाही, विकून टाकली. पुढे काही महिन्यांनी एक दिवस दुपारी दुकानात आला. एरवी येत नाही. स्टुलावर बसला, चहा तसाच ठेवला. म्हणाला, "ताई, माझा पाय खरंच चुकला असेल का गं? मला तर आठवतंय, मी दाबला होता."

कागद माझ्या गुडघ्यापाशी होता, काउंटरच्या खणात. मी खणाला हात लावला नाही.

"असेल," म्हटलं. "घाईत माणसाला कळत नाही."

त्याने मान हलवली. पटलं त्याला. तिथून घरी गेला आणि प्राचीपुढे कबूल केलं, हो, पाय चुकला माझा. जे केलंच नव्हतं ते कबूल केलं! ती म्हणाली, मग इतके महिने माझ्या तोंडावर खोटं का बोलत होतास? काय सांगणार तो? ती चेंबूरला आईकडे गेली ती परत आलीच नाही.

तिचा गुडघा पूर्ण वाकत नाही. शाळेने तिला ऑफिसात बसवलंय, दाखले लिहायला. बाबांनी बोर्ड बदलायचं काढलंय. माझं नाव घालायचं म्हणतात. मी नको म्हणते, तर त्यांना वाटतं मी रुसलेय.

परवा प्राचीचा फोन आला. मला करते ती अजून, दर पंधरा दिवसांनी. पायाचं मला काही नाही गं ताई, म्हणाली, पाय कोणाचाही चुकतो. चुकला एवढं तेव्हाच म्हणाला असता तर मी एका शब्दाने बोलले नसते. खोटं बोलला ते नाही जात मनातून. मी ऐकत होते. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला हाताने थांब म्हटलं.

मग म्हणाली, बिनक्लचची छोटी गाडी बघतेय, डाव्या पायाचं काम नको म्हणून. "जुनीच घेईन. ब्रेकचं तेवढं तू बघ हं ताई. तुमच्या घरात खरं बोललेली तू एकटी."

मी हो म्हटलं.