आहेराचा किल्ट

आमच्या व्याह्यांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा ते खाकी पँट आणि निळा स्वेटर घालून आले होते, आणि मी मनातून जरा खट्टू झाले. ते स्कॉटिश आहेत असं मुलीने सांगितल्यामुळे मी घागऱ्यासारखा चौकड्यांचा किल्ट घातलेला, दाढीवाला, धिप्पाड माणूस डोळ्यांपुढे आणून ठेवला होता. आले ते एक शांत, सडसडीत गृहस्थ. जन्मभर फेरीबोटींच्या इंजिनांवर काम केलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, हातात परसातल्या सफरचंदांची पिशवी. अमेरिकेतल्या बॉथेलच्या आमच्या घरात बूट दाराशी काढायचे, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. तिथेच मी त्यांना पास करून टाकलं.

लग्न ऑगस्टमध्ये ठरलं. जावयाची एकच हौस होती, वडिलांनी लग्नात किल्ट घालावा. त्यांच्या आजोबांनी स्कॉटलंडहून येताना आणलेला किल्ट घरात होता. पण विषय काढला की व्याही उठून काहीतरी दुरुस्त करायला लागायचे.

कारण मला मुलीने सांगितलं. बायको गेल्यावर ते एकदा स्कॉटलंडला गेले होते, आजोबांच्या गावी, आजोबांचा किल्ट घालून. तिथल्या पबमध्ये सगळे जीन्समध्ये. कोणीतरी सहज विचारलं, "काय हो, कुठल्या नाटकात काम करता?" सगळे हसले. व्याहीही हसले. परत आल्यावर त्यांनी किल्ट पेटीत ठेवला तो ठेवलाच.

"त्यात काय एवढं? हसले तर हसले," मी म्हणाले.

"आई, तुला नाही कळणार," मुलगी म्हणाली. "तू जिथली आहेस तिथली आहेस. मी पुण्यात दुकानात मराठी बोलले की लोक हसतात आणि मला इंग्लिशमध्ये आन्सर करतात. म्हणून तर मला ती नऊवारी नको. इट फील्स लाइक अ कॉस्च्यूम, यार."

जन्मदात्या आईला यार! पण त्याचा राग यायच्या आधीच दुसरं काहीतरी लागलं. लग्नात तिने नेसावी म्हणून मी जांभळी नऊवारी आणून ठेवली होती, आणि ती नको म्हणते म्हणून चार महिने फुरंगटून बसले होते. हिला साड्यांची आवड नाही, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. पुण्याच्या दुकानातलं हसू ती इतकी वर्षं जवळ ठेवून आहे, हे मला माहीतच नव्हतं. दर रविवारी ओरडून ओरडून हिला मराठी शिकवलं ते काय ह्यासाठी? मला फार वाईट वाटलं.

मुलीचं काय करावं ते सुचेना, म्हणून मी व्याह्यांचं मनावर घेतलं. आपल्याकडे सीमांतपूजनाला व्याह्यांना कपड्यांचा आहेर करतात, आणि प्रेमाने केलेला आहेर माणूस एकदा तरी अंगाला लावतोच. मी त्यांना नवा किल्टच द्यायचं ठरवलं. "अगं, साधा शर्टपीस दे," नवरा म्हणाला. मी लक्ष दिलं नाही.

जावयाने मापं दिली आणि जुन्या किल्टचा फोटोही पाठवला. फोटो पाहून मी खालीच बसले. काळ्या, गडद हिरव्या आणि गडद निळ्या चौकड्या. काळं, आणि तेही मंगलकार्यात? आहेरात? आयुष्यभर कशावरही विश्वास न ठेवलेला माझा इंजिनिअर नवराही चष्मा वर करून म्हणाला, "नाही, काळं नको." मग मी ऑनलाइन शोधून शोधून एक सुंदर लाल कापड निवडलं. कुंकवासारखं लाल, त्यात हळदीच्या रंगाच्या बारीक रेघा. जावयाला सांगितलं नाही. म्हटलं, सरप्राइज.

सीमांतपूजनाच्या संध्याकाळी व्याह्यांनी आमच्या दिवाणखान्यात खोका उघडला. घड्यांवरून एकदा हात फिरवला, थँक यू म्हणाले आणि मागच्या डेकवर निघून गेले. जावयाचे कान लाल झाले होते. तो माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आला.

"आई, प्रत्येक फॅमिलीचं पॅटर्न वेगळं असतं," तो त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला. "आमचं ते डार्क. हे रेड... दुसऱ्या फॅमिलीचं. आमची आणि त्यांची खूप जुनी फाइट. गाई चोरल्या, घरं जाळली. बट इट्स ओके, रिअली."

म्हणजे मी लग्नाच्या आदल्या दिवशी व्याह्यांच्या हातात त्यांच्या वैऱ्याच्या कुळाचं कापड ठेवलं होतं, वर कुंकू लावून. ज्या माणसाला आपल्याच आजोबांच्या गावात परकं ठरवलं, त्याला मी इथे माझ्या घरात पुन्हा परकं केलं.

मी डेकवर गेले आणि भडाभडा सगळं सांगितलं. काळा रंग आम्ही शुभकार्यात देत नाही. फक्त संक्रांतीला चालतो. तेव्हा तर तान्ह्या बाळांनाही काळे कपडे घालून, अंगावर हलव्याचे दागिने चढवून, डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे ओततात. एरवी नाही. म्हणून लाल. इंजिनाचा आवाज ऐकावा तसं मान तिरकी करून ते ऐकत होते.

"म्हणजे हा रंग तुम्ही माझं भलं व्हावं म्हणून निवडला?" त्यांनी विचारलं.

"हो. पण उद्या नाही घातलात तरी चालेल. मी अजिबात मनाला लावून घेणार नाही." हे साफ खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या हॉलमध्ये व्याही लाल किल्ट घालून आले. गुडघे बर्फासारखे पांढरे, पण चाल ताठ. त्यांचा एक चुलतभाऊ घराण्याच्या गडद किल्टमध्ये आला होता. तो त्यांच्याकडे बघतच राहिला, मग त्याने विचारलंच, हे काय घातलंस. मी अत्तरदाणी घेऊन शेजारीच उभी होते.

"हा माझा आहेर आहे," व्याही म्हणाले. तो शब्द त्यांनी रात्री जावयाकडून घोटून घेतला होता. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आजोबांचा घातला की मला सारखं वाटायचं, आता कोणीतरी मी तिथला असल्याचा पुरावा मागणार. हा कुठून आला, ते मला सांगता येतं."

मी पदराने डोळे टिपले. मुलगी पैठणी नेसली होती, नऊवारी नाही. त्यावर मी दिवसभर एक अक्षर बोलले नाही. नवऱ्याला ते अजून खरं वाटत नाही.

गेल्या वर्षी नात झाली. यंदा तिची पहिली संक्रांत. बोरनहाणासाठी काळं झबलं शिवायला मी कापड शोधत होते, तेवढ्यात व्याही एक पिशवी घेऊन आले. पिशवीत आजोबांचा किल्ट होता.

"त्या दिवशी काळं चालतं, म्हणाला होतात," ते म्हणाले.

कमरेपाशी कसरीने खाल्लेला, पण खालचं कापड शाबूत. मी शिवण उसवायला घेतली. एकेक घडी सुटत गेली आणि कापड येतच राहिलं. दुसरं टोक धरून मुलगी जमिनीवर बसली होती, ती सरकत सरकत पार दारापर्यंत गेली.

"अगं बाई, ही तर नऊवारीच," मी म्हणाले.

कात्री हातात घेतली, पण हात काही चालेना. इतक्या लांबून आणलेलं, इतकं जपलेलं. व्याही म्हणाले, "कापा." मी तरीही थांबले. मग त्यांनी पाळण्याकडे पाहत अगदी हलक्या आवाजात विचारलं, "पुढे कधी तिला कोणी हसलं तर?"

उत्तर मुलीने दिलं, दारातून, हातातलं टोक न सोडता. "देन शी विल टेल देम. आजोबांनी दिलं, आजीने शिवलं."

मी कापलं.

संक्रांतीच्या सकाळी मुलगी माझ्या खोलीत आली. म्हणाली, "आई, ती पर्पल नऊवारी अजून आहे का? मला नेसवशील?" मी कपाटाकडे वळले आणि दार उघडून उगाचच बराच वेळ आत शोधत राहिले. साडी समोरच होती.

दुपारी व्याह्यांनी लाल किल्ट घातला होता. नातीने काळं-हिरवं झबलं आणि डोक्यावर हलव्याचा मुकुट. बोरं मिळाली नाहीत म्हणून मी चुरमुऱ्यांत ब्लूबेरी आणि तिळाच्या रेवड्या मिसळल्या होत्या. दर दोन मिनिटांनी कासोटा चाचपणाऱ्या मुलीने वाटी नातीच्या डोक्यावर उपडी केली. नातीने जमलेल्या सगळ्या बायकांकडे एकदा रागाने पाहिलं, मग झबल्यावरची एक ब्लूबेरी उचलून थेट नाकात घालायला लागली.

सगळं घर हसलं. त्या आवाजासरशी व्याही दचकले, मुलगीही दचकली, आणि दोघांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं. त्या दोघांना काय वाटलं असेल ते तिथे फक्त मला कळलं. मग मुलीने त्यांच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली, नाही, हे ते हसू नाही. आणि नातीच्या नाकाजवळची ब्लूबेरी काढता काढता ते दोघंही हसायला लागले.