ड्यूटीवरची विधवा

पडदा वर जातो तेव्हा सकाळचे साडेदहा झालेत आणि माउंट नेबो बॅप्टिस्ट चर्च तव्यासारखं तापलंय. साल १९७८, महिना ऑगस्ट, गाव अलाबामातलं हार्पर्स बेंड. मधोमध, व्यासपीठाच्या पायथ्याशी, झाकण उघडलेली राखाडी शवपेटी. तिच्या दोन्ही अंगांना एवढी फुलं रचलीत की आत झोपलेले डीकन थॅडियस ब्रँटली लग्नाला निघाल्यासारखे दिसतात. पहिली दोन बाकं घरच्यांसाठी रिकामी ठेवलेली. बाकीच्या बाकांवर अख्खी काळी वस्ती दाटीवाटीने बसलीय आणि दीडशे पुठ्ठ्याचे पंखे एका लयीत हलताहेत. आणि उजव्या विंगेतून, म्हणजे गायकांच्या खोलीच्या दारातून, प्रवेश होतो ओझेलाबाई ब्रँटलींचा. पांढरा, कडक इस्त्रीचा गणवेश, पांढरी टोपी, पांढरे मोजे, पांढरे बूट. काखेत कागदी रुमालांचं खोकं.

चर्चचे एक कारभारी, म्हणजे डीकन, असलेले थॅडियस ओझेलाबाईंचे नवरे होते. म्हणजे त्यांनी आज काळ्या पोशाखात, घरच्यांच्या गाडीतून, सगळ्यांच्या शेवटी यायला हवं होतं. पण हे त्यांना सांगणार कोण?

एकतीस वर्षं त्या माउंट नेबोच्या नर्सेसच्या प्रमुख होत्या. या नर्सेसना ना इंजेक्शन देता यायचं, ना ताप मोजता. त्यांचं काम एकच: अंत्यविधीला ज्याचा शोक अनावर होईल त्याला वारा घालायचा, रुमाल द्यायचा, आणि तो कोसळलाच तर जमिनीला टेकण्याआधी झेलायचं. सोपं काम नव्हतं ते. सोमवार ते शनिवार इथल्या बायका गोऱ्यांच्या घरांत, स्वयंपाकघरांत राबायच्या, आणि तिथे डोळे ओले करून चालत नसे. खुद्द ओझेलाबाई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात कामाला होत्या. त्यांची आई गेली तेव्हा साहेबाने अर्ध्या दिवसाची रजा दिली आणि वर बजावलं, "उद्या येताना चेहरा नीट करून ये." असं सगळं साठवलेलं बायका चर्चमध्ये आणून ओतायच्या. मग कोणी किंकाळी फोडायची, कोणी पेटीवर झेप घ्यायची, कोणी ताठ उभी राहून झाडासारखी आडवी व्हायची. ओझेलाबाई नुसत्या श्वासावरून ओळखायच्या की तिसऱ्या बाकावरची मावशी आता दोन मिनिटांत कोसळणार. आणि खोटं पडणारी तर त्यांना दारातूनच कळायची, कारण ती आधी खाली बघून जागा पसंत करते.

थॅडियस जाऊन सहा दिवस झाले होते. ओसरीवर कलिंगड खाता खाता गेले, बी थुंकायलाही थांबले नाहीत. सहा दिवसांत शेजाऱ्यांकडून घरी मॅकरोनीची सात भांडी आणि चार हॅम आले, पण ओझेलाबाईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

"मम्मा, थोडं रड गं," शिकागोहून आलेली लेक ड्रुसिला म्हणाली होती. "असं आत दाबून ठेवलंस तर तुझंही काही बरंवाईट होईल."

"रडेन की. काय घाई आहे?"

घाई नव्हती, पण भीती होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. त्यांनी मनातल्या मनात आपल्या नर्सेस एकेक करून तपासल्या होत्या. एक वारा घालता घालता स्वतःच डुलकी काढते. दुसरी रडणाऱ्याच्या आधी रडते. उरली क्लोटी, वय अठ्ठेचाळीस, अंगकाठी अशी की दोरीवर वाळत घातली तर चिमटा लावावा लागेल. आणि ओझेलाबाई? चर्चच्या जिन्याची तिसरी पायरी त्यांच्या नावाने ओळखली जायची, कारण ती त्यांनी मोडली होती. आजवर सगळ्यांना त्यांनीच झेललं. आता त्या पडल्या तर त्यांना झेलणार कोण? त्यापेक्षा न पडलेलंच बरं.

म्हणूनच असेल, त्या दिवशी सकाळी ड्रुसिला आत्याला आणायला बसस्टॉपवर गेली, आणि पलंगावर काळा पोशाख पसरून ठेवलेला असताना ओझेलाबाईंचा हात खुंटीवरच्या गणवेशाकडे गेला. अंत्यविधी म्हटलं की हाताला तेवढंच ठाऊक होतं. पंखे मोजायला हवेत, एवढं पुटपुटून त्या चालतच चर्चला निघाल्या. घर पाहुण्यांनी भरलेलं. पहिल्या गाडीतल्यांना वाटलं, बाई दुसरीत आहेत. दुसरीतल्यांना वाटलं, पहिलीत.

क्लोटीने त्यांना गणवेशात येताना पाहिलं आणि तिचा जबडा खाली आला.

"मिस ओझेला, तुम्ही..."

"तोंड मिट आणि कॉलर नीट कर. आज मोठी गर्दी आहे."

क्लोटीने तोंड मिटलं. बावीस वर्षं मिटतच आली होती.

अकराच्या ठोक्याला दारात घरच्यांची रांग लागली. दफनाची व्यवस्था बघणारे मिस्टर फेल्डर माँटगोमरीचे, गावात नवे. हातात यादी धरून ते नावं वाचू लागले आणि पहिल्याच नावाला अडकले.

"विधवा? विधवा कुठाय?"

रांगेतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. मिस्टर फेल्डरना दरदरून घाम फुटला. समोर पांढऱ्या गणवेशातली एक भारदस्त बाई दिसली, तिच्याकडे ते धावले.

"सिस्टर, घोटाळा झालाय. विधवा सापडत नाहीये."

"सापडत नाहीये?" ओझेलाबाई कडाडल्या. "अहो, ती काय छत्री आहे हरवायला? एवढी महत्त्वाची बाई! गाड्यांत बघितलंत?"

"बघितलं."

"बायकांच्या मोरीत?"

"मी पुरुष माणूस, कसा बघणार?"

"सरका!" आणि ओझेलाबाई स्वतः जाऊन मोरी बघून आल्या. गायकांची खोली बघितली. मागच्या अंगणात दोन हाका मारल्या. परत येताना त्या धुसफुसत होत्या, "काय बाई तरी! नवऱ्याच्या अंत्यविधीला उशीर! एकतीस वर्षांत असं पाहिलं नाही."

क्लोटीने एक मोठा श्वास घेतला.

"मिस ओझेला," ती हळूच म्हणाली, "ती तुम्हीच."

ओझेलाबाईंनी आधी क्लोटीकडे पाहिलं. मग आपल्या पांढऱ्या बुटांकडे. मग दारातून आत, लांबवर, त्या राखाडी पेटीकडे. हातातलं रुमालांचं खोकं जरा खाली आलं.

"मी ड्यूटीवर आहे," त्या म्हणाल्या. आवाज बारीक निघाला.

"अगं मम्मा!" ड्रुसिला रांगेतून पुढे आली. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम करता येत नव्हतं.

पण मैदानात उतरल्या त्या आर्लेथाआत्या. थॅडियसची मोठी बहीण, मुक्काम डेट्रॉइट, डोक्यावर बैलगाडीच्या चाकाएवढी काळी, पिसांची टोपी. "विधवा आणि पांढऱ्यात? माझा भाऊ पेटीतून उठेल!"

"उठले तर बरंच होईल," ओझेलाबाई म्हणाल्या. "परसातलं पंपाचं काम अर्धवट टाकून गेलेत."

"घरी जाऊन कपडे बदल."

"आता? अकरा वाजलेत, आणि अख्खं चर्च वाट बघतंय."

आर्लेथाआत्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग ज्या टोपीसाठी त्या डेट्रॉइटपासून मान ताठ ठेवून बसल्या होत्या, ती त्यांनी काढली. खाली होती केस दाबून ठेवायला जुन्या मोज्याची केलेली घट्ट टोपी, आणि तिच्यातून चार पिना डोकावत होत्या. तशा त्या अख्ख्या गावासमोर उभ्या राहिल्या आणि पिसांची टोपी त्यांनी भावजयीच्या नर्सच्या टोपीवर दाबून बसवली.

"एक अक्षर बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "आणि पिसं मोडू नकोस."

मिरवणूक आत निघाली. वर काळी पिसं, खाली पांढरे बूट. रेव्हरंड मॅबरींनी बायबलमधून वर पाहिलं आणि वचन विसरले.

ओझेलाबाई पहिल्या बाकावर बसल्या खऱ्या, पण बूड टेकेना. आर्लेथाआत्यांचा श्वास जड झाला की या उठायच्या. मागे कुणी हुंदका दिला की खोकं घेऊन वळायच्या. तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर एक हाडकुळा हात पडला आणि त्यांना खाली बसवता झाला.

"बसा, मिस ओझेला."

"तू कुणाला सांगतेयस, क्लोटी?"

"तुम्हालाच. खोकं इकडे द्या."

"तुला जमणार नाही गं."

"नाही जमलं तर उद्या ओरडा. आज बसा."

ओझेलाबाईंनी खोकं दिलं. कुणाचं ऐकायची ही आयुष्यातली दुसरी वेळ. पहिल्यांदा थॅडियसनी लग्नाचं विचारलं तेव्हा.

तेवढ्यात डीकन मंडळी उभी राहिली आणि त्यांनी जुनं, संथ, लांब स्वरांचं भजन उचललं. एकाने ओळ म्हणायची, सगळ्यांनी ती लांबवत न्यायची. चाळीस वर्षं या भजनाच्या दुसऱ्या ओळीला थॅडियसचा सूर घसरायचा. चाळीस वर्षं ओझेलाबाई तिथे डोळे घट्ट मिटायच्या आणि घरी जाताना म्हणायच्या, "अहो, नुसते ओठ हलवा की." आज दुसरी ओळ आली, वर चढली, वळली, आणि अगदी सुरात उतरली. कुठे ओरखडा नाही. अख्ख्या चर्चला ते कळलं. पंखे थांबले.

ओझेलाबाई उभ्या राहिल्या. खाली बघून जागा पसंत करायला त्यांना सवड मिळाली नाही. आतून एक आवाज निघाला, हॉस्पिटलच्या भोंग्यासारखा. त्यात थॅडियस होते, आई होती, ती अर्ध्या दिवसाची रजा होती. आणि त्या मागे कलंडल्या.

क्लोटी मागून आली. तिने दोन्ही हात ओझेलाबाईंच्या काखेत घातले, पाय रोवले, आणि दोघी सावकाश, एखादा मोठा तंबू उतरावा तशा खाली आल्या. वाटेत एक फुलदाणी गेली. पिसं मोडली. डुलकी काढणारी नर्स जागी झाली आणि तिने पाय धरले, दुसरी रडत रडत वारा घालू लागली. आर्लेथाआत्या मोज्याच्या टोपीनिशी गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी भावजयीचं डोकं मांडीवर घेतलं. ड्रुसिलाने हात धरला. जमिनीवर सगळा ढीगच झाला, पण ओझेलाबाईंचं डोकं काही फरशीला लागलं नाही.

त्या रडत होत्या. गाल, गळा, कॉलर, सगळं भिजलं. क्लोटी एकामागून एक रुमाल काढत होती.

भजन संपलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. रेव्हरंड मॅबरींनी घड्याळ बघितलं, मिस्टर फेल्डरकडे बघितलं, आणि घसा खाकरून कळवळ्याने म्हणाले, "बंधुभगिनींनो, आपल्या भगिनीची अवस्था पाहता प्रवचन आज आपण आवरतं घेऊ या."

ढिगाच्या तळातून एक ओला, जाड हात वर आला.

"रेव्हरंड, आवरू नका. सावकाश होऊ द्या," ओझेलाबाई म्हणाल्या. "माझी आत्ता कुठे सुरुवात झालीये."