रंग फिका पडला म्हणून बदललेला जोडीदार

मंडळी, आज मला पोटच्या पोराची किळस आली. मी बोलतेय, सून लिहून घेतेय. तक्रार तिच्या नवऱ्याची आहे, म्हणून एक शब्दही गाळत नाहीये.

आमच्या घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्लाउनफिशची जोडी होती. या माशांत मोठी ती बायको आणि छोटा तो नवरा. ती दटावायची, हा अंग थरथरवून नमतं घ्यायचा. झोपायची मात्र दोघं एकाच कोपऱ्यात.

उद्या पाहुणे येणार. लेक म्हणाला, "आई, छोट्याचा रंग फिका पडलाय. टाकी शोभत नाही." आणि सकाळीच दुकानात त्याला देऊन मोठा, झगझगीत मासा घेऊन आला.

मी म्हटलं, "साडी आहे का रे, बदलून आणायला?"

"अगं, मासाच तर आहे. जमेल त्यांचं."

कसलं जमतंय! ती नवीही बाईच निघाली. दुपारपर्यंत दोघींनी एकमेकींचे पंख फाडले. शेवटी त्यानं मध्ये जाळी लावली.

मी म्हटलं, "जा, माझ्या जावयाला परत आण."

हा रिकाम्या हातानं आला. छोट्याला पिंपळगावचं कुणीतरी घेऊन गेलं होतं. वर म्हणतो, "तसाच दुसरा सांगून ठेवलाय."

तसाच दुसरा! शी!

आमची बाई कोपऱ्यात बसलीय, खाण्याला तोंड लावत नाही. आणि हा विचारतोय, "आई, जेवायला काय आहे?"

सून म्हणते, आज याला वाढायचंच नाही. तुम्ही काय म्हणता?