कोहळ्यापासून दीड हजार पावले

शाळेच्या मागील स्मरणिकेत मी लिहिले होते, की नेपच्यूनचा खुंटा मी एकही पाऊल न चुकता मोजून रोवला. ते खरे नाही. आदरणीय रामटेके सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिताना ती दुरुस्ती आधी करते.

मी पाचवीत गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत आले, तेव्हा सरांची पहिली भेट झाली. चौथीपर्यंत आत्याने मला घरीच शिकवले होते. वर्गात तोंड उघडायची धास्ती वाटे. सरांनी ते ओळखले. "बोलू नको, पोरी. मोजता येते ना? मंग मोज," एवढेच म्हणाले.

त्या दिवशी सरांनी शाळेच्या दारात कोहळा ठेवला. तो सूर्य. पन्नास पावलांवर मोहरीचा दाणा, ती पृथ्वी. गुरू आवळ्याएवढा. पुस्तकातल्या चित्रात ग्रह एसटीतल्या प्रवाशांसारखे खेटून बसतात, ते सरांना मुळीच खपत नसे. म्हणून ते मुलांना नहराच्या पाळीवरून, म्हणजे कालव्याच्या बांधावरून, चालवत.

"सर, मधात काहीच नाही?" एकाने कंटाळून विचारले.

"काहीच नाही. तेच शिकवून राहिलो."

"मंग आपलं गोरेगाव कोठी?"

"मोहरीवर बसून विचारून राहिला न बे!"

शेवटचा ग्रह नेपच्यून, दीड हजार पावलांवर. तो मोजण्याचे काम माझ्याकडे होते. हजाराच्या पुढे गेले असताना गवताचा भारा घेऊन येणाऱ्या एका काकूंनी हटकले, "काय हरपलं वं? खाली मान घालून काऊन फिरून राहिली?" मी उत्तर दिले आणि आकडा विसरले. परत जाऊन मोजण्याची हिंमत झाली नाही. पुढे मोहाचे झाड दिसले, ते बरे वाटले, तिथेच खुंटा रोवला. "बरोबर?" सरांनी विचारले. मी "हो" म्हणाले. सरांनी पुन्हा मोजले नाही.

निवृत्तीनंतरही सर दरवर्षी मुलांना त्या खुंट्यापर्यंत घेऊन जातात. यंदा पायाने अधू असलेली एक मुलगी मागे पडली. सर तिच्या चालीने चालत राहिले. "हळू ये. नेपच्यून कोठी पळून नाही राहिला," असे तिला म्हणाले. ते ऐकून मला गप्प राहवेना.

आता मी त्याच शाळेत शिक्षिका आहे. मागच्या महिन्यात टेपने मोजले. खुंटा तीनशे पावले अलीकडे निघाला. सरांच्या घरी जाऊन सगळे सांगितले.

"इतक्या पोरांले मी चुकीच्या जागी उभं केलं," ते म्हणाले.

"सुट्टीत गुपचूप हलवते, सर."

"गुपचूप काऊन? पोरांसमोर हालव. कशी चुकली, तेही सांग."

"पण खरी जागा शेजारच्या गावाच्या शिवारात जाते."

"जाऊ दे न! सूर्याले का आपलीच ग्रामपंचायत आहे?"

मग मात्र सर मनापासून हसले, आणि मीही.

सरांची प्रकृती ठणठणीत राहो आणि त्यांच्या मागे धावताना मुलांना अशीच पुष्कळ वर्षे धाप लागो. मुलांपुढे चूक कबूल करायची मला अजून भीती वाटते. पुढे ढकलायला जागा राहू नये, म्हणून दिवस इथे छापूनच टाकते: येत्या २६ जानेवारीला, झेंडावंदन आटोपल्यावर, सर्व वर्गांसमोर.